आमच्या विहिरीच्या पाण्याने मेलेली साठ ब्लूबेरीची झाडं

माझा मावसभाऊ अमळनेर तालुक्यात शेती करतो, बोरी नदीच्या पट्ट्यात, साडेचार एकर काळी जमीन, कपाशी आणि मका, विहीर आहे म्हणून थोडा कांदा पण. वयाने मोठा आहे म्हणून मी त्याला दादाच म्हणतो. मी स्वतः ठिबकच्या फिटिंगचं काम करतो, चौदा वर्षं झाली, त्यामुळे झाडांपेक्षा मला पाणी जास्त कळतं, आणि हे सगळं प्रकरण शेवटी पाण्यावरच येऊन थांबलं म्हणून मी लिहायला बसलोय. गेल्या वर्षभरात तीन पोरांनी फोन करून विचारलं की भाऊ, ब्लूबेरी लावू का, एक जण तर डायरेक्ट एकर लावायला निघाला होता. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा दादाकडे काय झालं ते पहिल्यापासून सांगतो.

२०२१ च्या दिवाळीनंतर दादाने साठ रोपं आणली, साडेतीनशे रुपये नग, म्हणजे २१ हजार नुसते रोपांचे. बिलॉक्सी आणि मिस्टी या दोन जाती. नर्सरीवाल्याने सांगितलं होतं की कोणत्याही जमिनीत येते, फक्त पाणी द्या, आणि पेरू देशात वाळवंटात लावतात तर तुमच्याकडे का नाही येणार. जातीची निवड खरं तर बरोबर होती. थंड देशातल्या ब्लूबेरीला हिवाळ्यात सात अंशाच्या खाली आठशे-हजार तास लागतात तेव्हा ती फुलते, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे आठ-दहा अंश होतं पण तेवढे तास काही भरत नाहीत. बिलॉक्सी आणि मिस्टी या अमेरिकेच्या दक्षिण भागात तयार झालेल्या कमी थंडीच्या जाती आहेत, त्यांना आपली थंडी पुरते. म्हणजे जातीत दादा फसला नाही, फसला तो त्या वाळवंटाच्या गोष्टीत. पेरूचा किनारा कोरडा आहे हे खरं, पण त्याला लागून समुद्राचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे तिथे भर उन्हाळ्यात पण पारा तिशीच्या आसपास राहतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६, आणि वरून पश्चिमेचा गरम वारा. वाळवंट म्हणलं की आपल्या डोक्यात भट्टी येते, तिथे तसं नाहीये.

तर लागवड केली विहिरीजवळच्या तुकड्यात. दोन बाय दोन फूट खड्डा, दीड फूट खोल, त्यात दोन टोपल्या शेणखत आणि अर्धा किलो गंधक, कारण कुठेतरी वाचलं होतं की ब्लूबेरीला आंबट माती लागते, पीएच (आंबटपणाचं माप, सातच्या खाली जितका कमी तितकी माती आंबट) साडेचार ते साडेपाच. हिवाळाभर झाडं इतकी छान दिसत होती की दादा रोज फोटो पाठवायचा. जानेवारीत फुलं आली, पांढरी, उलट्या घंटेसारखी, वहिनीने त्यातली दोन देवाला पण वाहिली.

फेब्रुवारीच्या शेवटाला नवीन पालवी पिवळी पडायला लागली, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. हे लक्षण आपल्याकडे संत्रा-मोसंबीवाल्यांना पाठ आहे, लोह कमी पडतंय. दुकानातून मायक्रोन्यूट्रियंट आणलं, फवारलं, चार दिवस बरं वाटलं आणि परत पिवळं. मग कॅल्शियम नायट्रेट खत सोडलं, मग १९:१९:१९, म्हणजे नत्र-स्फुरद-पालाश सारखं असलेलं खत. एप्रिलमध्ये पानांच्या कडा जळायला लागल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी गेलो तेव्हा साठपैकी तेवीस झाडं उभी होती, मृग लागला तेव्हा अकरा, आणि त्या अकराचं काय झालं तर पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचलं आणि मुळ्या सडल्या. पोळ्यापर्यंत एक पण राहिलं नाही.

गावात सगळ्यांचं एकच मत, ऊन लागलं. दादाचं पण तेच. मला पण तेव्हा तसंच वाटलं होतं, पण एक मेलेलं झाड उपटलं आणि ते बघून मी तिथेच उकिडवा बसलो. झाड हलकेच वर आलं, जोर लावायची गरजच पडली नाही, आणि खाली मुळ्यांचा गोळा अगदी नर्सरीच्या पिशवीच्या आकाराचा. सहा महिने जमिनीत राहून मुळ्या त्या पिशवीतल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) बाहेर एक बोट पण सरकल्या नव्हत्या. गोळ्याला चारही बाजूंनी काळी माती चिकटलेली, एका बाजूला भेग गेलेली, आणि त्या भेगेत केसासारख्या मुळ्या तुटून लोंबत होत्या. ब्लूबेरीची मुळी फार नाजूक असते, इतर झाडांच्या मुळ्यांना बारीक केस असतात पाणी ओढायला ते हिला नसतातच, आणि ती वरच्या फूटभरातच पसरते. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते तेव्हा हाताएवढी फट पडते, त्यात अशी मुळी कशी टिकणार.

माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही तपासायला दिलं. मातीचा पीएच ८.२ आणि चुनखडी ७ टक्के. पाण्याचा पीएच ७.८, बायकार्बोनेट लिटरला ३६६ मिलिग्राम. हे आकडे आपल्या भागात नवलाचे नाहीत, केळी-कपाशीला चालतात, कांद्याला चालतात. ब्लूबेरीला मात्र हे अजिबात जमत नाही, आणि हे काही नवीन संशोधन पण नाही, अमेरिकेत फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या शास्त्रज्ञाने १९१० मध्येच लिहून ठेवलंय की या झाडाला आम्लधर्मी माती लागते, आणि ते कळल्यावरच त्याने एलिझाबेथ व्हाइट यांच्यासोबत न्यू जर्सीत रानातली ब्लूबेरी शेतात आणली, १९१६ ला पहिलं पीक विकलं. त्याच्या आधी लोक चांगल्या सुपीक बागेच्या मातीत लावायचे आणि झाडं मरायची, अगदी दादासारखंच.

आता गंधकाचा हिशेब सांगतो कारण इथेच सगळे फसतात. त्या खड्ड्यात साधारण दोनशे किलो माती बसते, ७ टक्के म्हणजे चौदा किलो चुनखडी. शंभर किलो चुनखडी संपवायला बत्तीस किलो गंधक लागतं, म्हणजे त्या एका खड्ड्याला साडेचार किलो, आणि दादाने टाकलं होतं अर्धा किलो. एकराचा हिशेब केला तर वरच्या अर्ध्या फुटात अंदाजे नऊ लाख किलो माती, त्यात त्रेसष्ट टन चुनखडी, आणि तिला वीस टन गंधक. एवढं गंधक टाकून जमिनीत दुसरं काय उगवणार आहे. आणि समजा खड्ड्यापुरतं टाकलं तरी बाजूची माती आहेच, आणि वरून रोज पाणी चाललंय त्यात परत चुना आहे. म्हणून मी सरळ सांगतो, जमिनीत चुनखडी असेल तर गंधकाच्या नादी लागू नका. बघायचं असेल तर मातीच्या ढेकळावर ॲसिडचे दोन थेंब टाका, फेस आला की विषय संपला.

पण खरा धक्का पाण्याच्या हिशेबाने दिला. ३६६ मिलिग्राम बायकार्बोनेट म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्राम चुनखडीएवढा भार. एका झाडाला उन्हाळ्यात रोज चार लिटर, चार महिने, म्हणजे ४८० लिटर. म्हणजे एका उन्हाळ्यात एका झाडाच्या बुडात १४४ ग्रॅम चुना. मी हे बोलून दाखवलं तर दादा नुसता मान हलवत होता, वहिनी मात्र उठली, तराजूवर दीडशे ग्रॅम पांढरी रांगोळी तोलली आणि परातीत ओतून आमच्या पुढ्यात ठेवली. चांगली ओंजळभर होते हो. ती नाजूक मुळी आणि तिच्यावर ही ओंजळ, दरवर्षी. आबा, म्हणजे दादाचे वडील, खाटेवर बसून बघत होते, ते म्हणाले, "झाडना काय दोष रे भो, पानीमाच चुना शे ना." घरातल्या हंड्याच्या बुडाला जो पांढरा थर बसतो, ड्रीपरच्या तोंडाला जो खडा धरतो आणि ज्यासाठी मी लोकांच्या केळीत दरवर्षी लाइनला ॲसिड ट्रीटमेंट करून देतो, तीच गोष्ट. मला चौदा वर्षं ड्रीपरमधला चुना दिसत होता, झाडाच्या बुडातला दिसला नाही.

आणि पिवळ्या पानांचा उलगडा पण इथेच होतो. मातीत लोह नव्हतं असं नाही, भरपूर होतं, पण पीएच आठच्या वर गेला की ते झाडाला मिळत नाही. दुकानातलं जे साधं चिलेटेड लोह असतं, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनाला बांधलेलं, ईडीटीएवालं, ते पीएच साडेसहाच्या वर गेलं की सुटतं आणि बसून जातं. चुनखडीच्या जमिनीला ईडीडीएचए नावाच्या रसायनाला बांधलेलं लोह लागतं, ते महाग असतं, आणि ते सुद्धा ब्लूबेरीला उभं ठेवेल पण सुखात ठेवणार नाही. कॅल्शियम नायट्रेट तर उलटंच झालं, या झाडाला नत्र अमोनियमच्या रूपात पाहिजे, नायट्रेट नीट वापरता येत नाही, आणि कॅल्शियमची तर आधीच रेलचेल.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये दादाने परत तीस रोपं आणली, सगळी बिलॉक्सी. वहिनीचा विरोध होता, २१ हजार गेले होते, पण ती एका अटीवर तयार झाली की यावेळी रोजचं लिहून ठेवायचं, आणि मुलीच्या जुन्या वहीत तीच लिहायला लागली. आज जे आकडे मी देतोय ते बरेचसे त्या वहीतले आहेत.

जमीन पूर्ण सोडून दिली. तीस लिटरच्या पांढऱ्या ग्रो बॅग, त्यात तीन भाग कोकोपीट आणि एक भाग नवापूरकडून आणलेलं भाताचं तूस, निचऱ्यासाठी. कोकोपीट आधी धुवावं लागतं, त्यात मीठ असतं, आमच्याचा ईसी (क्षारांचं माप) अडीचच्या वर होता, चार वेळा भिजवून निथळवलं तेव्हा अर्ध्यावर आला. आणि हे धुणं शेवटी तरी चांगल्या पाण्याने करा. शेणखत अजिबात नाही, लाल पोटॅश नाही, फक्त अमोनियम सल्फेट लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून दोनदा, आणि पारा ४२ च्या वर गेला की ते पण बंद.

जागा निवडली गोठ्याच्या पूर्वेला. सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत ऊन, मग गोठ्याची आणि निंबाची सावली. वर ५० टक्क्याची शेडनेट, पश्चिमेला गजराज गवताची दाट ओळ, केळीवाले लावतात तशी, आणि गवताच्या आधीच्या मोकळ्या जागेत जुन्या साड्या बांधल्या. जास्त सावली पण नको बरं का, सत्तर टक्क्याची नेट लावली तर झाड हिरवंगार राहील आणि कळ्या धरणार नाही.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते बॅगच्या आतलं तापमान. लोक हवेचा पारा बघतात, मुळीला काय लागतंय ते कोणी बघत नाही. आम्ही एक काळी पिशवी मुद्दाम उन्हात ठेवली होती, वहिनीच्या वहीत १४ मे ला दुपारी चारची नोंद आहे, बाहेर ४४, काळ्या पिशवीत ४७, सावलीतल्या पांढऱ्या बॅगमध्ये ३४, आणि ज्या बॅगला ओलं गोणपाट गुंडाळलं होतं तिच्यात ३१. बाहेर तेवढाच उन्हाळा आणि मुळीपाशी सोळा अंशांचा फरक. ब्लूबेरीची मुळी खरं तर विशीच्या खाली खुश असते, तेवढं आपण देऊ शकत नाही, पण एकतीसला ती तग धरते, सत्तेचाळीसला शिजते. दुसऱ्या दिवशी दादाने तीसच्या तीस बॅगांना गोणपाट गुंडाळलं. बॅग जमिनीवर ठेवू नका, बांबूच्या मांडणीवर ठेवा, खालून वारा फिरतो आणि निचरा पण होतो.

पाणी द्यायची पद्धत बदलली. एकदम चार लिटर दिलं तर निम्मं खालून निघून जातं, म्हणून दिवसात पाच वेळा थोडं थोडं. आता शेतीची लाइट आठ तास, त्यात एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, त्यामुळे पंपावर टायमर लावून उपयोग नाही. सहा फुटाच्या स्टँडवर पाचशे लिटरची टाकी ठेवली आणि बॅटरीवरचा छोटा टायमर व्हॉल्व्ह बसवला, उतारानेच पाणी येतं. हे काम माझं होतं आणि ते चांगलं चाललंय.

पहिल्या उन्हाळ्यात विहिरीचंच पाणी ॲसिडने दुरुस्त करून दिलं. आधी लिंबूसत्व वापरलं, घरगुती म्हणून, पण ते मातीतले जिवाणू खाऊन टाकतात आणि चुन्याचा भार परत जागेवर येतो, पीएच दोन दिवस छान दिसतो आणि मग चढतो. मग सल्फ्युरिक ॲसिडवर आलो. आमच्या पाण्याला हजार लिटरला साधारण १४० मिली तीव्र ॲसिड बसलं, पण हा आकडा उचलून वापरू नका, प्रत्येक विहिरीचा वेगळा असतो, आधी बादलीत थेंब थेंब टाकून बघा. आणि ॲसिड नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच. दादाच्या शर्टाच्या बाहीला एक शिंतोडा उडाला, तिथे जाळी झाली, हातावर पडला असता तर काय झालं असतं. एकदा पीएच मीटर चुकीचं दाखवत होतं, कॅलिब्रेट केलेलं नव्हतं, पाणी साडेतीनवर गेलं आणि दोन झाडं त्यात गेली. चार झाडं एका रात्री-दिवसात गेली कारण लाइनचं फिल्टर चोकअप झालं आणि आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो. ४४ अंशात बॅगेतलं झाड एक दिवस पण थांबत नाही. तीसपैकी चोवीस वाचली.

ॲसिडचं काम मला पटत नव्हतं, घरात लहान मुलगी आहे. उपाय डोक्यावरच होता, गोठ्याचे पत्रे. ९०० चौरस फूट पत्रा, पाऊस ६०० मिलिमीटर धरला तरी ५० हजार लिटर पाणी पडतं, आणि तीस झाडांना चार महिन्यांत लागतं साडेचौदा हजार. पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट नसल्यासारखंच. २०२३ च्या जूनमध्ये खड्डा खणला, शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद टाकला, पंधरा हजार लिटरचा, पहिले दोन पाऊस सोडून दिले कारण पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण, आणि श्रावणात कानबाईच्या सणाच्या रविवारी जो पाऊस झाला त्यात तो काठोकाठ भरला. वरून पक्कं झाकण, नाहीतर शेवाळ धरतं आणि निम्मं पाणी उडून जातं. सिमेंटची टाकी करू नका, नव्या सिमेंटमधून परत चुनाच उतरतो. त्या वर्षीपासून ॲसिडची कॅन घरातून गेली. २०२४ च्या मार्चमध्ये पालवीचा रंग बघितला मी, गडद हिरवी, थोडी निळसर झाक, शिरा वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. तेव्हा मला पूर्ण खात्री झाली.

फळाचं सांगतो. पहिल्या वर्षी फुलं खुडून टाकली, झाड बसू दिलं. २०२४ ला चोवीस झाडांची मिळून सव्वासात किलो, २०२५ ला तेवीस झाडांची चौदा किलो. ब्लूबेरीच्या फुलातला पराग हलवल्याशिवाय पडत नाही, मधमाशी जेमतेम काम करते, आपला काळा भुंगा गुणगुणत फूल हलवतो तेव्हा नीट होतं. पण कधी कधी तोच भुंगा फुलाला बाहेरून भोक पाडून मध पिऊन जातो, म्हणून वहिनी सकाळी बॅटरीचा टूथब्रश चालू करून फांद्यांना लावत फिरायची. बुलबुलांसाठी जाळी लागतेच. फळ फेब्रुवारीचं सगळ्यात चांगलं, कडक, आंबटगोड, वरची पांढरी साय बोटाला लागते. होळीनंतर मऊ पडतं आणि चव पाणचट होते. म्हणजे आपल्याकडे माल निघायचा काळ जास्तीत जास्त चाळीस दिवस. छाटणी बाहेरचे लोक तोडणी संपली की करतात, आपण एप्रिलमध्ये केली तर कोवळी पालवी मेच्या तोंडी जाते, त्यामुळे आम्ही मृग लागल्यावरच करतो.

पैशाचं खरं ते सांगतो. बॅगा, नेट, खड्डा, कागद, रोपं, टाकी धरून दुसऱ्या फेरीला ७० हजारांच्या आसपास गेले. २०२५ ला सव्वाशे ग्रॅमची डबी दीडशेला, ओळखीत आणि अमळनेरच्या दोन दुकानांत, असे साडेतेरा हजार आले, बाकी घरी खाल्लं आणि नातेवाइकांना दिलं. यातून एकराची गणितं मांडणाऱ्यांनी जरा थांबावं. एकरभर पावसाचं पाणी साठवायचं, एकरभर बॅगा मेमध्ये एकतीसवर ठेवायच्या, आणि लाइट आठ तास, ज्याच्याकडे पन्नास लाख बुडवायची तयारी आहे त्याने बघावं, कपाशीच्या पैशावर घर चालवणाऱ्याने नाही. ज्याला बेरीच करायची आहे त्याने फालसा लावून बघावा, आपल्या उन्हात मजेत येतो, चुनखडीला घाबरत नाही, पिकतो पण भर उन्हाळ्यात, सरबतवाले विचारतात. टिकत नाही एवढीच त्याची अडचण.

पण अंगणात पाच-दहा झाडं, मुलांना खायला, शिकायला, तेवढं करा, जरूर करा, मी स्वतः येऊन लाइन टाकून देतो. एकर लावायला निघालेला पोरगा चोपड्याकडचा होता, त्याला म्हणलं रोपं बुक करायच्या आधी तुझ्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आण. त्याने आणलं, तपासलं, बायकार्बोनेट ४८८ निघालं. वहिनीने त्याला पण रांगोळी तोलून दाखवली, यावेळी जवळपास दोनशे ग्रॅम. तो बराच वेळ परातीकडे बघत बसला. मग त्याने गोठ्याचे पत्रे किती फूट आहेत ते घरी फोन करून विचारलं. दादाने त्याला आपल्याकडची तीन कलमं दिलीत, मृगानंतर बॅगेत भरायला सांगितलंय.